पुष्पावहिनीचं धावणं

आमच्या गावात मोठी बाई धावताना दिसली की लोक घराबाहेर येतात. माणूस धावला त त्याची एसटी सुटली असन. पोट्टे धावले त कोणाच्या तरी बोरीवर दगड मारून आले असतीन. पन् बाई उगी थोडीच धावते? बाई धावली म्हंजे कोणी तरी गेलं, नाही त गोठ्याले आग लागली. हे आमच्या इथलं गणित हाय, अन् ते बदलायले गेलं की काय होते ते मी पाह्यलं हाय.

मी शाकिर. डोणगावपासून आत आमचं गाव, अन् गाव ते डोणगाव ते मेहकर माही जीप चालते. लोक म्हणतात शाकिरची जबान लंबी हाय. असन. ज्याची जीप त्याचं आयकावं लागते, नाही त पायी जा.

पुष्पांजली म्हंजे शेषरावकाकाची सून. मी तिले वहिनी म्हणतो, कारण तिचा नवरा गोकुळ अन् मी एकाच वर्गात, एकाच वर्षी नापास झालेलो. गोकुळ पुण्याकडं कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली असते. दिवाळीले येते, आठ दिवस झोपते, जाते. घरी काका, रुखमाकाकू, वहिनी अन् चौथीतली पोरगी. वहिनीनं शाळेत असताना तालुक्याले धावण्याचा कप जिंकला होता. लग्न होऊन आली तवा तो कप ट्रंकेत घालून आणला, अन् काकूनं तो घासूनपुसून त्यात हळद ठेवली. दहा-अकरा वर्षं त्याच्यात हळदच होती. तेवढ्या वर्षांत बाईनं धावून दाखवलं ते फक्त वावरातल्या डुकरामागं.

मंग पोलीस भरती निघाली. बायांचंही धावणं असते त्यात, मैदानाच्या दोन चकरा. वहिनीचं वय अटीच्या पार टोकाले आलं होतं. ही भरती गेली त पुढची तिच्यासाठी नव्हतीच. तिनं घरात सांगतलं, "मी फॉर्म भरला." इचारलं नाही, सांगतलं. गोकुळ फोनवर हसला म्हणतात. काकू म्हणे, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! सोयाबीन कापायचं पडलं हाय, अन् हिले शर्यती सुचून राह्यल्या." शेषरावकाका उठले. त्यांनी बिडी पेटवली अन् वावरात निघून गेले.

पहिल्या दिवसाचं मी सोता पाह्यलं. नुकतंच फटफटलं होतं, मी जीप पुसून राह्यलो होतो. वहिनी घरातून निघाली. गोकुळची जुनी पँट, वर कुर्ता, ओढणी कमरेले कसलेली. बूटही गोकुळचेच, पुढं चिंध्या कोंबलेले. चार घरं धावली नसन, तोच आशाबाई केरसुणी घेऊन दारात. "काय झालं वं माय? कोण गेलं?" तिच्यामागं गोविंदा टॉवेल गुंडाळून बाहेर. कोणी म्हणे शेषरावले पान लागलं, साप चावला, कोणी म्हणे गोकुळचा फोन आला. बघता बघता अर्धं गाव तिच्यामागं. गावाबाहेर नाल्यावर मोरी हाय, तिथलोक ती कशीबशी गेली, मोरीच्या भिंतीले धरून बसली अन् भडाभडा ओकली. आशाबाई तिची पाठ चोळते अन् इचारते, "सांग ना वं, कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं आत्या! मी धावून राह्यली!"

"पन् काऊन?"

आता त्या काऊनचं काय सांगावं! लोक हिरमुसून घरी गेले. कोणी मेलं असतं त बरं झालं असतं, असं एकएकाचं तोंड.

दुसऱ्या दिवशी वहिनीच्या पोटऱ्यांत गोळे. चुलीपुढं बसली त उठता येईना, पोरीनं हात दिला तवा उठली. माही बायको झेबा तिच्याकडं दळण द्यायले गेली होती, तिले म्हणे, "झेबा, मले वाटलं होतं पाय ओळखतीन मले. हे त दुसऱ्याच बाईचे पाय हायेत." झेबानं हे मले घरी येऊन सांगतलं अन् पदरानं डोळे पुसले. मी म्हटलं, तू काऊन रडून राह्यली? म्हणे, उगी.

तरी बाई तिसऱ्या दिवशी निघालीच. नडघी सुजली, तिनं फडकं बांधलं. पाराच्या लोकाहीनं नावं ठेवली. आमचा मारुतीचा पार म्हंजे आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून. म्हणे, घोडी उधळली. म्हणे, शेषरावची सून चोर पकडायले चालली, आधी सोताची ओढणी त पकड म्हणा. ती मान खाली घालून जाये. मले लय राग ये. एकदा मी जीप थांबवून गोविंदाले म्हटलं, अबे, तू पारापासून घरलोक धावून दाखव, मी तुले मेहकरलोक फुकट नेतो. गोविंदा म्हणे, मले मेहकरले कामच नाही.

एक दिवस शेषरावकाका मधात पडले. म्हणे, "गावातून धावूच नोको. माह्यासंगं वावरात चाल." काका रोज पहाटे विहिरीवर जायचे, मोटर पाहायले. विहिरीपासून मोरीलोक सरळ गाडरस्ता हाय. मोरी आली की समोर पार दिसते, पन् मधात मोकळं रान, नीट आवाज द्यावा लागते. काकानं तिले विहिरीपाशी उभं केलं, बिडी पेटवली अन् म्हणे, "जाय. मोरीले हात लाव अन् परत ये. माही बिडी इझायच्या आधी आली पायजे." पहिल्या दिवशी बिडी कधीच इझून गेली होती. काकानं दुसरी पेटवली, ती पन् संपत आली तवा सूनबाई आली, छातीवर हात धरून. काका म्हणे, "मोरीपाशी थांबली होती?" ती म्हणे, "जराशीक." काका म्हणे, "तिथंच चुकलं. थांबली की पाय आखडतात, बैलाचंही तसंच असते. हात लावला की अंगोअंग, तिथल्या तिथं फिरायचं. थांबायचं नाही."

दोन महिन्यांत ती बिडीच्या आत यायले लागली. काका गालातल्या गालात हसायचे अन् उरलेलं थोटूक दाखवायचे. आमच्याकडं सुनेशी सासरा धड बोलत नाही, अन् इथं म्हातारा रोज पहाटे वाटेकडं डोळे लावून उभा. काकू घरी भांडे आपटायची. पन् काका उभे होते तवर कोणाची माय व्याली होती तिचं धावणं बंद करायची? ते बाजूले झाले असते त सारं बंद पडलं असतं, हे वहिनीले ठाऊक होतं.

मंग गावातल्या दोन पोरी तिच्यासंगं निघाल्या, त्याहीले पन् भरतीत जायचं होतं. वहिनी पुढं, पोरी मागं. मोरीले हात लावला की वहिनी वळता वळता मागच्या पोरीहीले जोरानं आवाज दे, "धावा वं, धावा!" तो आवाज पारालोक जाये. पारावर शेकोटीले बसलेले लोक आधी टवाळी म्हणून हात वर करून ओरडायचे, "धावा, धावा!" हळूहळू टवाळी गेली. गोविंदाच सगळ्यात आधी उभा राहून हात हलवायचा, "धाव पुष्पे, धाव!" आशाबाईनं केरसुणी घेऊन बाहेर येणं सोडून देलं. वहिनी धावते, त्यात काय? सूर्य निघते, वहिनी धावते. गाव सरावलं. मले सोताले बरं वाटलं होतं तवा, खोटं काऊन बोलू.

मैदानाची तारीख आली. तारखेले पंधरा दिवसही राह्यले नव्हते, त्यातली ही गोष्ट.

थंडी लय होती. त्या दिवशी पोरी नव्हत्या, दोघीही मामाच्या गावाले लग्नाले गेल्या होत्या. वहिनी एकटीच काकासंगं वावरात गेली. विहिरीले कठडा नव्हता, आमच्याकडं निम्म्या विहिरीहीले नसते. काठावर दव पडलेलं. वहिनी पहिली चक्कर मारून येऊन राह्यली होती, काका मोटरचा पाइप पाहायले वाकले, अन् तिच्या डोळ्यादेखत पाय सरकला. ती काठावर पोचली तवा काका पाण्यात, एका हातानं पाइपचा दोर धरलेला, दुसरा हात काम देत नव्हता. पायऱ्या मागच्याच पावसाळ्यात ढासळलेल्या. तिनं ओढणी सोडली, ती निम्म्यातही गेली नाही. काकाचा मोबाइल त्यांच्या खिशात, पाण्यात. तिचा घरी, चार्जिंगले. आजूबाजूच्या वावरात चिटपाखरू नाही.

काका खालून म्हणे, "दोर हाय हातात. जाय, माणसं आण."

अन् ती धावली. अशी ती जन्मात धावली नव्हती, मैदानावर कोणी पाह्यली असती त तिथंच नोकरी देली असती. मोरीलोक आली. समोर पार, पारावर शेकोटी, माणसं बसलेली. देवळाच्या भोंग्यावर भजन सुरू होतं. तिनं मोरीवरून, छातीत होता नव्हता तेवढा दम काढून आवाज देला, "धावा! धावा वं माय! धावा! मामाजी विहिरीत..."

पुढचं भोंग्यानं खाल्लं. गोविंदा उभा राह्यला. त्यानं दोन्ही हात वर केले. त्याच्यासंगं आणखी दोघं-तिघं उठले अन् साऱ्यांनी हात हलवले, "धाव पुष्पे, धाव!" तिले दिसलं की माणसं उठली. तिले वाटलं, निघाली. अन् ती अंगोअंग फिरली.

मी तवा मेहकरच्या सवारीत होतो. पारावर असतो त मीही हात हलवला असता. हे कोणी कबूल करत नाही गावात, पन् खरं हाय. साऱ्यात बेकार म्हंजे, कोणाचा गुन्हाच नाही. एखादा हरामी असता त त्याले चार शिव्या देऊन मोकळं झालो असतो. शिव्या कोणाले द्याव्या? 'धावा'च्या जागी 'मेलो रे' ओरडली असती त सारं गाव आलं असतं. पन् पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडं मदतीले बोलवायचा शब्द हाच हाय.

विहिरीवर काय झालं ते तिनं कोणालेच सांगतलं नाही. मले सांगतलं, ते पुढं येते. इथं एवढंच की ती दुसऱ्यांदा धावत आली, तवा मोरीवर थांबली नाही. थेट पारावर आली, गोविंदाचा शर्ट धरला अन् बोलली. मंग मात्र सारे धावले, दोर, बाज, जे हाती आलं ते घेऊन. पोचले तवा पाइपचा दोर एकटाच हालत होता.

काकाले बाजेवर घरी आणलं. रुखमाकाकूनं पाह्यलं, छाती बडवली, अन् मंग वहिनीकडं बोट करून म्हणे, "हिच्या धावण्यानं खाल्लं माह्या माणसाले." गावातलं कोणी 'नाही' म्हटलं नाही. म्हटलं असतं त मंग कोणाच्या कशानं खाल्लं ते सांगावं लागलं असतं. गोविंदा भिंतीले टेकून बसला अन् पोरावाणी रडला. चार दिवसांनी त्याच लोकाहीनं वर्गणी न मागता विटा आणून विहिरीले कठडा बांधला. बैल गेला अन् झोपा केला.

मैदानाची तारीख तेरवीच्या आधी पडत होती. गोकुळ आला होता, टक्कल केलेला. म्हणे, "औंदा राहू दे." ती म्हणे, "औंदाचीच हाय." सुतकात बाई घराबाहेर पडणार, तेही धावायले! जमलेल्या सोयऱ्याहीनं तोंडाले पदर लावले. शेवटी काकू कोपऱ्यातून बोलली. आवाज चढवला नाही, तेच लागलं मले. म्हणे, "जायचं त जाय. पन् परत या दारात धावत येऊ नोको. मले कोणाच्या धावत यायचा आवाज नाही आयकायचा आता."

मी फटफटायच्या आधी जीप लावली. सवारी कोणी घेतली नाही. वहिनी मागच्या सीटवर बसली, मांडीवर बूट. मेहकर गेलं, चिखली गेली, बाई एक शब्द बोलली नाही. मीही नाही बोललो, माह्यासारखा माणूस! चिखलीच्या पुढं मी म्हटलं, "वहिनी, चहा घेता काय?" त ती म्हणे, "शाकिरभाऊ, मी पहिल्यांदा परत गेली तवा ते होते."

मी गाडी हळू केली.

"मले म्हणे, आले का वं? मी म्हटलं, येऊन राह्यले मामाजी, निघाले, मी पाह्यलं. म्हणे, बरं. मंग आमी दोघं वाट पाहत बसलो. मी वरून रस्त्याकडं पाहू, ते खालून माह्याकडं. दात वाजत होते त्यांचे. म्हणे, कोणी दिसते का? मी म्हटलं, दिसतीन आता. लय वेळ गेला भाऊ. तेवढ्या वेळात मी दोनदा जाऊन आली असती."

"मंग?"

"मंग त्याहीलेच समजलं. मले नाही समजलं, त्याहीले समजलं. म्हणे, पुष्पा, त्याहीले वाटलं तू रोजच्यावाणी धावून राह्यली. पुन्हा जाय बाई. या खेपेले थांबजो. थांबून सांगजो. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा नाव घेतलं त्याहीनं माहं."

चहा राह्यला. मले स्टेरिंग नीट दिसेना, मी काच पुसली, काच साफच होती.

बुलढाण्याच्या मैदानाबाहेर ही गर्दी. पोरी आत, घरची माणसं जाळीच्या बाहेर. माह्या बाजूले मोताळ्याकडचा, धामणगाव बढ्याचा एक माणूस उभा होता, पोरीले घेऊन आलेला, संगं तीन-चार भाऊबंद अन् त्यांची पिकअप. त्यानं मले चिवडा देला, इचारलं, तुमची कोण हाय? मी म्हटलं, वहिनी. तो म्हणे, धावते का चांगली? मी म्हटलं, हाव.

निकालाचं आधीच सांगून टाकतो, म्हंजे तुमचा जीव टांगणीले नोको. धावण्यात तिले चांगले मार्क पडले. लेखी व्हायची हाय अजून, त्याचं अल्ला जाणे. पन् मी पाह्यलं ते वेगळंच.

शिटी वाजली. बाकीच्या पोरी तिच्यापेक्षा दहा-दहा वर्षांनी लहान, हरणावाणी सुटल्या. वहिनी पहिल्या चकरीत मधातच होती. दुसऱ्या चकरीले जाळीभोवतालचे सारे ओरडायले लागले, जो तो आपापल्या पोरीले, "धाव, धाव!" मी ओरडलो नाही. माह्या तोंडातून तो शब्द निघालाच नसता. अन् तवा वहिनी सुटली. एकएकीले मागं टाकत गेली. तिचं तोंड दिसलं मले वळणावर. ते शर्यतीचं तोंड नव्हतं.

ती पहिल्या दोघी-तिघींत पोचली. रेघ ओलांडली. बाकीच्या पोरी रेघेच्या पुढं आडव्या पडल्या, ही पडली नाही. ही धावतच राह्यली, सरळ आमच्या जाळीकडं. मागून एक पोलीसबाई ओरडली, "अवं ताई, इकडं! नंबर सांगा!" तिनं आयकलं नाही. जाळीपाशी आली अन् थांबली. मी समोर होतो, पन् मी दिसलो नाही तिले. तिनं जाळीतून हात घालून त्या धामणगाववाल्याची बाही धरली.

तिच्या छातीचा भाता चालू होता. तरी ती एकेक शब्द सुटा करून बोलली. "भाऊ, मामाजी विहिरीत पडले. जिते हायेत. दोर धरून हायेत. दोर घ्या, चार माणसं घ्या, माह्यासंगं चला."

त्या माणसानं काऊन म्हटलं नाही, कोण तू म्हटलं नाही. चिवड्याची पिशवी खाली टाकली अन् मागं वळून आपल्या लोकाहीले ओरडला, "उठा रे! पिकअपमधला दोर काढा!" ते चौघं एका दमात उठले, एक त चप्पल न घालताच गाडीकडं धावला. तो माणूस परत जाळीपाशी आला, तिचा हात आपल्या हातात घेतला अन् म्हणे, "घाबरू नोको बाई, आमी आलो. किती दूर हाय इहीर?"